जिन्यावर बसणारी पडदेवाली

पडदेवाली एखाद्या घरात शिरली की आधी माणसांकडे बघत नाही, खिडकीकडे बघते. मग माणसांकडे वळून हसते, जणू खिडकीनेच त्यांची ओळख करून दिली. गळ्यात टेप, बाहीला टोचलेल्या टाचण्या, आणि काखेत कापडाचे नमुने. मोठमोठ्या बंगल्यांत ती जाते आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांतही जाते. "काही घरांत माणसांपेक्षा खिडक्या जास्त असतात हो," असे ती सांगते. त्यात कुरकुर नसते. एखाद्याच्या डोक्यावर दाट केस आहेत, एवढ्याच सहजपणे सांगते.

ती आमच्याच इमारतीत राहते, तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत. ही इमारत एका कारखान्याने आपल्या कामगारांसाठी बांधली होती. तिचा नवरा तिथे फिटर होता. तो गेला, मग कारखानाही गेला, आणि इमारत कोणा मालकाने विकत घेतली. मालक आम्ही कधी पाहिला नाही. त्याचा मॅनेजर मात्र पाहून पाहून पाठ झाला. बोलायला गोड. जिन्याचा कठडा तुटला, "करतो". पंप बंद पडला, "करतो". जिन्यातला दिवा गेला, तोही "करतो". त्याच्या 'करतो'ला कंटाळून काही बिऱ्हाडे सोडून गेली, की दुसऱ्याच दिवशी हातोडे घेऊन माणसे यायची आणि रिकामी खोली आतून फोडून टाकायची, पुन्हा कोणी राहायला येऊ नये म्हणून. त्यामुळे आमच्याकडे हातोडीचा आवाज आला की सगळ्यांच्या माना दाराकडे वळतात.

पडदेवालीची मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरात राहिल्या दोघी, ती आणि सासूबाई. सासूबाईंना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. भिंतीवरून हात फिरवत त्या घरभर वावरतात, नळापर्यंत जातात, शेजारच्या माझ्या दारापर्यंत येऊन गप्पा मारून परत जातात. कुठे भिंत गुळगुळीत, कुठे खडबडीत, कुठे उंबरा, सगळे त्यांच्या हातापायांना ठाऊक. अशा बाईला दुसरीकडे कुठेतरी नेणे म्हणजे तिला पुन्हा एकदा आंधळे करण्यासारखे होते. पडदेवालीला मालकाची भीती होती ती एवढ्याचसाठी. स्वतःचे काय, मशीन घेऊन ती कुठेही बसली असती.

सासू-सुनेचे बोलणे मात्र ऐकण्यासारखे.

"अगं, दिवसभर लोकांच्या खिडक्या झाकत फिरतेस आणि आपल्या दाराला कडी लावायला विसरतेस."

"चोरानं नेण्यासारखं आहे काय आई आपल्याकडे? तुम्ही?"

"नेलं तर दुसऱ्या दिवशी परत आणून सोडेल."

"दुसऱ्या दिवशी कशाला, त्याच दिवशी."

आणि दोघी हसत सुटायच्या.

आमच्या बसण्याची सुरुवात तळमजल्यावरच्या इस्त्रीवालीपासून झाली. खोली नवऱ्याच्या नावावर होती आणि नवरा आता नाही, असे म्हणून मॅनेजर माणसे घेऊन तिचे सामान बाहेर काढायला आला. आम्ही सगळे धावलो आणि ओरडायला लागलो. पण त्या माणसांना ओरडण्याची सवय होती. तेवढ्यात पडदेवाली आपले हातमशीन घेऊन खाली आली, इस्त्रीवालीच्या उंबऱ्याच्या आत ऐसपैस बसली आणि शिवायला लागली.

"बाई, उठा," मॅनेजर म्हणाला.

"आज संध्याकाळी पडदे द्यायचेत हो. इथं उजेड चांगला आहे."

तिच्या मनात काही योजना नव्हती. तिला खरोखरच पडदे द्यायचे होते आणि मैत्रिणीलाही एकटे सोडायचे नव्हते, म्हणून तिने दोन्ही कामे एकाच जागी आणली. पण ते बघून बाकीच्यांना सुचले. कोणी भाजी निवडायला घेऊन आले, कोणी तांदूळ. इस्त्रीवालीने स्वतःची इस्त्री तापवली. निवृत्त बसड्रायव्हर काकांकडे आणण्यासारखे काही काम नव्हते, ते दाढीचे सामान घेऊन आले आणि बरोबर दारात आरसा मांडून बसले. अर्ध्या गालाला साबण लावलेल्या म्हाताऱ्या माणसाला ओलांडून, तापलेल्या इस्त्रीशेजारून कपाट कसे काढायचे, हे त्या माणसांना कोणी शिकवलेले नव्हते. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

तेव्हापासून तीच आमची पद्धत झाली. कोणाच्या दारावर संकट आले की खालून इस्त्रीवाली ताट वाजवणार आणि प्रत्येकाने आपापले काम घेऊन तिथे जाऊन बसायचे. शिव्या द्यायच्या नाहीत, अंगाला हात लावायचा नाही, आणि आलेल्याला चहा विचारायचा. ही शेवटची अट पडदेवालीची. "तेही कोणाचे तरी नोकर आहेत. उन्हातून आलेले असतात."

आमच्या या बसण्याचे ऐकून एक तरुण वकीलबाई आल्या. त्यांनी आमची सभा घेतली आणि सांगितले की डोक्यावर छप्पर असणे हा माणसाचा हक्क आहे, कोणी केलेले उपकार नव्हेत. पर्याय दिल्याशिवाय, बाजू ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही रस्त्यावर काढता येत नाही. पडदेवाली सगळे लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आम्ही इतके दिवस विनंती करत होतो ते चुकलंच म्हणायचं. हक्काचं मागायचं असेल तर आवाज जरा वेगळा लावायला पाहिजे."

आणि तिने तो लावला. चढा नव्हे, फक्त सरळ. सरकारी कचेरीत जायची तेव्हा कोपऱ्यात उभी राहायची नाही, खुर्ची ओढून बसायची. एकदा कारकून म्हणाला, "बाई, साहेबांनी मेहरबानी केली तर होईल." ती म्हणाली, "मेहरबानी राहू द्या. तारीख सांगा." कारकुनाने तारीख सांगितली. पुढे रविवारी ती इतर इमारतींतही जायला लागली. तिथल्या बायकांना बसायचे कसे ते समजावून सांगायची आणि येताना एखाद्या खिडकीचे माप घेऊन यायची.

मग मॅनेजरने पवित्रा बदलला. इमारत धोकादायक आहे, तुमच्याच जिवासाठी सांगतो, खाली करा, असे तो म्हणू लागला. याला उत्तर देणे अवघड होते, कारण गिलावा खरोखरच पडत होता. सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं पडतंय, अजून पडून झालं नाही?" पण मनातून सगळेच चरकले होते. वकीलबाईंनी प्रकरण कोर्टात नेले. कोर्टाने सांगितले की त्रयस्थ इंजिनिअर इमारत तपासतील. दुरुस्त होण्यासारखी असेल तर मालकाने दुरुस्त करून द्यावी, नसेल तर सर्वांनी सोडावी. इंजिनिअर गुरुवारी येणार होते आणि सोमवारी निकाल होता.

आम्ही बुधवारी जिना धुवायचे ठरवले. पण मंगळवारी दुपारी इस्त्रीवालीला ठकठक ऐकू आली. बाहेर बघते तो एक गृहस्थ हातात छोटी हातोडी घेऊन खालच्या खांबावर मारतायत. तिने ताट उचलले.

आमच्या इमारतीचा जिना इतक्या झटपट कधी भरला नव्हता. पडदेवालीकडे एका हॉटेलचे काम होते. तो पांढरा लांबलचक पडदा पायऱ्यांवर पसरून ती मधोमध बसली. गृहस्थ गडबडले.

"मी कोर्टाकडून आलोय," ते म्हणाले.

"मागचा पाणीखात्याकडून आला होता," ड्रायव्हर काका म्हणाले. "जाताना नळ घेऊन गेला."

जिनाभर हशा.

"अहो, माझं ओळखपत्र आहे. गाडीत राहिलंय."

"सगळ्यांचं गाडीतच राहतं," इस्त्रीवाली म्हणाली.

त्यांना चहा दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या घेतला. कप परत देऊन म्हणाले, "आता मला वर जाऊ द्याल?"

"जा की," पडदेवाली मशीन न थांबवता म्हणाली. "फक्त पडद्यावर पाय पडू देऊ नका. पांढरा आहे."

पाय ठेवायला दुसरी जागाच नव्हती. गृहस्थ वळले आणि निघून गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "वहिनी, हा सगळ्यात लवकर गेला."

दिवेलागणीला वकीलबाईंचा फोन आला. पडदेवाली माझ्याच खोलीत होती.

"मावशी, इंजिनिअर आले होते म्हणे. जवळच काम होतं, म्हणून आधी एक नजर टाकायला आले होते. तुम्ही त्यांना हाकललंत?"

"हाकललं नाही गं," पडदेवाली म्हणाली. "चहा दिला."

"ते म्हणतायत, रहिवाशांनी पाहणी करू दिली नाही, असं कळवणार. तसं गेलं तर कोर्टाला वाटेल, आपण काहीतरी लपवतोय."

बातमी खालपर्यंत पोचली आणि सगळे पॅसेजमध्ये जमले. ज्या माणसाची आम्ही डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होतो, त्यालाच जिन्यावरून परत पाठवून टाळ्या वाजवल्या होत्या.

"ताट मी वाजवलं," इस्त्रीवाली रडवेली होऊन म्हणाली. "पण हातोडी ऐकली आणि..."

"ताट बरोबर वाजवलंस," पडदेवाली म्हणाली. "आपण बसलोही बरोबर. माणूस चुकीचा निघाला."

"माणूस बरोबरच होता," सासूबाई दारातून म्हणाल्या. "चुकीच्या तुम्ही. तो चहा पीत होता तोवर त्याच्या गाडीपर्यंत एकानं जाऊन यायचं. एवढी माणसं जिन्यात कोंबली, त्यांतलं एकही रिकामं नव्हतं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पडदेवाली इंजिनिअरांच्या ऑफिसात निघाली. मला म्हणाली, "बाई, तुम्ही चला. तुम्ही शेजारी असलात की मी वाक्य पुरं करते." ऑफिसात इंजिनिअर आत कोणाशी बोलत होते. आम्ही बाकावर बसलो. तिने पिशवीतून एक पडदा काढला आणि हाताने दुमड शिवायला घेतली. बऱ्याच वेळाने इंजिनिअर बाहेर आले, तिला बघून दारातच थबकले.

"इथेही बसणार का तुम्ही?"

"नाही साहेब, इथं थांबलेय. बसायचं असतं तर मशीन आणलं असतं."

त्यांना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. "मला आजवर कोणी जिन्यावरून परत पाठवलं नव्हतं."

"चूक आमची आहे. विचारायचं ते विचारलं नाही. आमच्याकडे हातोडी घेऊन येतात ते फोडायलाच येतात, म्हणून घाबरलो."

"मी फोडत नव्हतो हो. ठोकून बघत होतो. आतून पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो."

"ते आता कळलं. चहा तरी बरा होता ना?"

"साखर फार होती."

"येणारे रागावून जाऊ नयेत म्हणून घालतो. तुमच्या बाबतीत उपयोग झाला नाही."

आता मात्र ते हसले. उद्या ठरल्याप्रमाणे येतो म्हणाले. पण त्यांची एक अट होती. प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत बघणार. जिना मोकळा हवा, दारे उघडी हवीत, कोणी कुठे बसायचे नाही. पडदेवाली "बरं" म्हणाली.

परतताना ती भराभर पुढे चालत होती. काम झाले होते, तरी चेहरा उतरलेला. मी विचारल्यावर कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "बाई, माझ्या घरात भिंतीवर पडदा आहे ना?"

होता. खिडकी नसलेल्या कोपऱ्यात तिने छानसा फुलांचा पडदा लावला होता. पडदेवालीच्या घरात भिंतही उघडी राहत नाही, अशी आम्ही तिची चेष्टा करत असू.

"त्याच्यामागे खांब उकललाय. बोट जाईल एवढा. मॅनेजरच्या माणसांना दिसू नये म्हणून झाकला. मग वाटलं, आपल्या माणसांना दिसला तर त्यांचाही धीर सुटेल. आता तो उद्या दिसणार आणि साहेब लिहिणार, इमारत पाडा. आईंना घेऊन मी जाऊ कुठे?"

घरी पोचल्यावर ती सासूबाईंसमोर जाऊन बसली. मी दारातच उभी होते.

"आई, उद्या तो कोपऱ्यातला पडदा काढायचा म्हणते."

"मग काढ. मला पडदा असला काय नि नसला काय. माझ्या हाताला भेग रोज लागते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घर माझंही आहे ना? भेग वाढतेय, हेही माहीत आहे. तुला सांगितलं नाही, म्हटलं तू घाबरशील."

पडदेवालीने कपाळाला हात लावला. "आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

"दोघी शहाण्या," सासूबाई म्हणाल्या.

मग पडदेवाली उठली. "ती वकील पोरगी म्हणते ते घर म्हणजे धड घर. डोक्यावर पडणारं घर मागायला आपण थोडंच बसलो होतो? काढते मी पडदा."

गुरुवारी जिना रिकामा होता. इतका रिकामा जिना बघून आम्हालाच परक्या इमारतीत आल्यासारखे वाटले. सगळी दारे उघडी, प्रत्येक जण आपल्या दारात उभा, हातांचे काय करावे हे कोणालाच कळत नव्हते. इंजिनिअर खालून सुरुवात करून एकेक खोली ठोकत वर येत होते. ज्याची खोली बघून व्हायची तो हळूच त्यांच्या मागे लागायचा. अशी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चांगली वरात झाली होती.

टोकाच्या खोलीत त्यांनी काही विचारायच्या आत पडदेवालीने पडदा कड्यांतून सोडवला, त्याची नीट घडी घातली आणि बाजूला झाली. मागून इस्त्रीवालीचा "अगं बाई" ऐकू आला. इंजिनिअरांनी स्टूल मागितले. खूप वेळ ठोकले, थोडा गिलावा खरवडला, आतल्या गंजलेल्या लोखंडावर टॉर्च मारला. सासूबाई खाटेवर बसून एकेक ठोका ऐकत होत्या.

"हा पडदा कधी लावलात?" स्टुलावरून उतरत त्यांनी विचारले.

"दोन वर्षं झाली."

"तेव्हाच दाखवला असतात तर काम लहान झालं असतं."

"कोणाला दाखवणार होते साहेब? मॅनेजरला?"

"तेही खरंच," ते म्हणाले. खाली जाताना त्यांनी चहा मागून घेतला, कमी साखरेचा.

ते गेल्यावर इस्त्रीवाली मात्र रुसली. "ताई, तू माझ्या दारात येऊन बसलीस. आणि तुझं दुखणं मला सांगितलं नाहीस?" पडदेवालीने ते ऐकून घेतले, सबब सांगितली नाही. तेव्हापासून आमच्या सभेची सुरुवात एकाच प्रश्नाने होते, कोणाच्या घरात काय मोडले आहे? पहिल्या सभेत सगळ्यांनी लाजत लाजत सांगितले. दुसऱ्या सभेत चढाओढ लागली.

सोमवारी आम्ही कोर्टात गेलो. अहवाल आला होता. इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे. गळक्या नळांकडे वर्षानुवर्षे लक्ष न दिल्याने मागचे खांब खराब झाले आहेत. त्यांना ताबडतोब टेकू द्यावा, टोकाच्या खोल्या काम होईपर्यंत रिकाम्या ठेवाव्यात आणि सगळा भार मालकाने सोसावा. वकीलबाईंनी उठून एकच मागितले. या खोल्यांतली माणसे परत त्याच खोल्यांत येतील, हे हुकमातच लिहून द्यावे. तसे लिहून मिळाले. पडदेवालीने मला कोपराने ढोसले आणि विचारले, "त्याच खोल्यांत म्हणाले ना? मी नीट ऐकलं ना?"

"त्याच," मी म्हटले. मग ती पदराने नाक पुसत बसली.

काम होईपर्यंत दोघी ड्रायव्हर काकांकडे राहिल्या. सासूबाईंनी दोन दिवसांत त्या घराच्या भिंती पाठ केल्या आणि तिसऱ्या दिवशी कपाट चुकीच्या जागी आहे असे जाहीर केले. काकांनी ते हलवले. "नोकरीत कधी एवढं ऐकलं नव्हतं," असे ते सगळ्यांना सांगत फिरत होते, आणि फार खुशीत होते.

मग दोघी आपल्या टोकाच्या खोलीत परतल्या, आणि परवा दुरुस्तीचा मुकादम तिथे येऊन गेला. खांबांचे काम संपले, आता रंग. मालक पांढरा म्हणतो, पण राहणार तुम्ही, तेव्हा तुमचे काय ते सांगा, असे तो म्हणाला. इमारतीत पहिल्यांदाच असे काही विचारले गेले होते आणि लगेच जोरदार भांडण जुंपले. इस्त्रीवालीला निळा हवा होता. काकांना बसचा लाल हवा होता. पडदेवाली म्हणाली फिकट पिवळा, कारण त्यावर कोणताही पडदा उठून दिसतो.

"पिवळा नको," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "मला पिवळा आवडत नाही."

"अहो आई, तुम्हाला दिसणार आहे का तो?"

"मला दिसत नाही म्हणून भिंतीनं वाट्टेल ते नेसायचं का?"

मुकादम गोंधळून एकेकाकडे बघत राहिला. "मी उद्या येतो," तो म्हणाला.

"उद्या नको," पडदेवाली म्हणाली. "रविवारी या. सगळे घरी असतात. आणि घाई करू नका, आम्ही इथंच आहोत."